जुन्या मोंढ्यातली मिरची आणि अव्वाचा डबा

लातुरात भजे मिळत नाहीत. हे वाक्य मी घरात एकदा मोठ्यानं बोलले होते, तेव्हापासून माझा नवरा त्याचा सूड म्हणून महिन्यातून एकदा पार्सल आणतो. कागदात गुंडाळलेले, वाफेनं मऊ पडलेले, कधी चीज घातलेले, कधी शेजवान का काय ते फासलेले. गाडे तर इथं चौकाचौकात आहेत. क्लासला आलेल्या पोरांच्या जिवावर निम्मं गाव चालतं, मग गाडे का नाही चालणार? लाइटच्या पाट्या आहेत, बसायला स्टूल आहेत, हात पुसायला टिश्यू पेपर आहे. चव तेवढी राहिली आणायची.

तू गाड्यावर जाऊन खाल्लेस का, असं कोणी विचारेल. नाही खाल्ले. बारा वर्षं झाली मला या गावात सून होऊन, एकदाही गाड्यावर उभी राहिले नाही. आमचं कापडाचं दुकान भर रस्त्यावर, समोर तीन गाडे. दुकानदाराची सून रस्त्यात उभी राहून भजे खाते म्हणजे काय, समाजात तोंड कसं दाखवायचं, असं सासऱ्यांचं म्हणणं. आम्ही लिंगायत, घरात कांद्यालाही कधीकधी परवानगी काढावी लागते. आणि तेच सासरे, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणतं, दुपारी चारला दुकानाच्या मागच्या दारानं भज्याची पुडी आत मागवतात. नवराही त्यात वाटेकरी. रात्री दोघं ताटावर बसतात आणि भूक नाही म्हणतात. बाप्यानं दाराआड खाल्लं की ती भूक, बाईनं रस्त्यावर खाल्लं की ते लक्षण.

मी मूळची अशी दबून राहणारी नव्हे. लग्नाआधी सहा वर्षं मी नांदेडला होते, दोन वर्षं शिकायला आणि चार वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला. त्या सहा वर्षांत मी नांदेड पायांनी कमी आणि तोंडानं जास्त पाहिलं. सकाळी स्टेशनच्या रस्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेव आणि लिंबू. उन्हाळ्यात गुरुद्वाराच्या बाजूला लस्सी, एवढी घट्ट की पिण्यापेक्षा खावी लागायची. आणि संध्याकाळी, सगळं सोडून, जुन्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गाडा लावणाऱ्या मामांची मिरची, म्हणजे मिरचीचे भजे.

बाईमाणसानं बाहेर काय खावं याचे आपल्याकडं नियम ठरलेले आहेत. पाणीपुरी चालते, कारण ती बायकांचीच. आइस्क्रीम चालतं, बरोबर लेकरू असलं तर अजून चांगलं. पण मोंढ्यात, हमालांच्या आणि अडत्यांच्या घोळक्यात उभं राहून तिखट मिरची खायची, नाक गळेपर्यंत खायची, हे शोभत नाही. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा दोन अडते बाजूला सरकले, मान म्हणून नव्हे, बिचकून. मामांनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "ताई, तिकडून नका उभ्या राहू, धूर येतो. इकडून या." तेवढंच. मला ते गाव त्या दिवशी आवडलं.

मामांचा स्वभाव तिखटच. घाई करणाऱ्याला ते शेवटी द्यायचे. त्यांची तळायची एक रीत होती. मिरची चिरायची, आत चिंच-ओव्याचं सारण भरायचं, मग कोरड्या तांदळाच्या पिठीत घोळवायची आणि नंतर बेसनात बुडवायची. पिठीमुळं बेसन धरून राहतं, सुटत नाही. अर्धीकच्ची तळून काढायची, कात्रीनं तीन तुकडे करायचे आणि परत तेलात टाकायचे. बरोबर कढी, पण वाटी एकदाच. दुसऱ्यांदा वाटी पुढं केली की म्हणायचे, "कढी हाय बाबा ही, गोदावरी न्हाई." सहा वर्षांत मला दुसरी वाटी मिळाली नाही, आणि मी दररोज दोन प्लेटा खाणारी गिऱ्हाईक होते. भट्टीजवळ घाम यायचा तो मामा उजव्या हाताच्या तीन बोटांनी पुसायचे, त्या पिठीच्याच हातानं. दुपारपर्यंत कपाळावर पांढरे पट्टे उमटलेले असायचे.

मामांची जात मला माहीत होती. ती इथं लिहीत नाही, कारण लिहिली की वाचणारे मिरची बाजूला ठेवून तिच्याचकडं बघत बसतील. एवढंच सांगते, माझ्या सासूबाईंनी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं.

सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. अव्वा पहाटे उठून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत, आणि बाहेरचं पाणी तर त्यांनी तीस वर्षांत घेतलं नाही. लग्नाकार्याला गेल्या तरी पिशवीत डबा. मागच्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. लातुरात डोळ्यांचे दवाखाने पायलीला पन्नास, पण अव्वांच्या बहिणीचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं आणि तिला आता सुईत दोरा ओवता येत होता, म्हणून नांदेड. ऑपरेशनला सगळं घर गेलं, मला जागचं हलता आलं नाही. महिन्यानं तपासायला बोलावलं तेव्हा दुकानात लग्नसराई, म्हणून आम्हा दोघींनाच बसनं पाठवलं.

खरं सांगते, मला अव्वांच्या डोळ्यापेक्षा मामांच्या मिरचीची काळजी जास्त होती. बारा वर्षं मी त्या मिरचीवर नुसती बोलत होते. म्हणून मी एक पाप केलं. अव्वांचा डबा सीटखाली ठेवला होता, स्टीलचा, झाकणावर आप्पांचं नाव कोरलेला. आत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुकी भाजी. नांदेड आलं तसा मी तो डबा पायानं हळूच आणखी मागं सारला, अव्वांना हात देऊन खाली उतरवलं आणि बसकडं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात जाईपर्यंत अव्वांचं एकच चाललेलं. रिक्षातून त्या रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून राहिल्या. "होलसेल. बियाणे. दातांचा दवाखाना. इथं थुंकू नये." रिक्षावाला हसून राहिला. डॉक्टरांनीही डोळा झकास आहे म्हणून सांगितलं. अव्वा म्हणाल्या, "मुंगीचे पाय दिसायलेत मला." मी हो हो केलं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आपण असंच हो हो करून कानाआड करतो, त्याची फळं पुढं भोगावी लागतात.

बाहेर आल्यावर डब्याची आठवण निघाली. मी कपाळाला हात लावला, चेहरा पाडला, सगळं नाटक केलं. बारा वाजले होते आणि परतीची बस तीनला. अव्वांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाल्या, "केळी बघ कुठं मिळतात का." मी म्हटलं, "अव्वा, जवळच एक जागा आहे, एकदम स्वच्छ." ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, पण मी लपवलंच. म्हटलं, "मीही ऐकूनच आहे."

मामा होते. केस सगळे पांढरे झालेले, कढई तीच. फरक एकच, गाड्याला आता मोबाइलनं पैसे भरायची ती चौकोनी पाटी लटकत होती आणि तिच्याखाली मामांचं नाव ठसठशीत अक्षरांत, आडनावासकट.  नाव वाचलं की संपलं. मी पुढं होऊन त्या पाटीसमोर आडवी उभी राहिले, पर्स छातीशी धरून, आणि पुढचा अर्धा तास तिथून हलले नाही. अव्वांना घरून आणलेली पाण्याची बाटली हवी होती तीही मी हात लांबवून दिली.

तेवढ्यात मामांनी मला ओळखलं. "अगं, दोन प्लेटवाली ताई," म्हणाले, "कुठं होतीस लई दिस?" झालं. मीही ऐकूनच आहे, म्हणणारीचं पितळ पहिल्याच मिनिटाला उघडं. अव्वांनी माझ्याकडं पाहिलं, मग मामांकडं, मामांच्या कपाळाकडं. कपाळावर पिठीचे तीन पट्टे होते, आडवे, अगदी मापात ओढल्यासारखे. अव्वांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "शरणार्थी."

आमच्यात भेटल्यावर असंच म्हणतात, आणि ते आमच्यातल्याच माणसाला म्हणतात. मी पाटीला आणखी चिकटले. अव्वांनी तांदळाच्या पिठीला भस्म समजलं होतं. मामा मोंढ्यात जन्म घालवलेला माणूस, रामराम घालणाऱ्याला रामराम, सलाम करणाऱ्याला सलाम. त्यांनीही हात जोडले. "शरणार्थी आई. या, सावलीत बसा."

मग आपल्याकडची ती सरळ न विचारायची चौकशी सुरू झाली.

"गाव कोनतं तुमचं?"

"देवणी."

"देवणी? माझं माहेर देवणीला लागूनच की." अव्वांचा आवाज मऊ झाला. "ह्या कढईत अजून काय काय तळता?"

"मिरची आन कांदा. तिसरं न्हाई, आई."

अव्वांनी पहिला तुकडा उचलला तो देवाच्या प्रसादासारखा दोन बोटांनी. दुसरा पाच बोटांनी. मी मोजत नव्हते, पण एक प्लेट संपली, दुसरी आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ज्या डोळ्याला डॉक्टरनं जपायला सांगितलं होतं त्यातूनही. मग त्यांनी वाटी पुढं केली, रिकामी. मी मनात म्हटलं, आता गोदावरी निघणार. मामांनी काही न बोलता वाटी काठोकाठ भरली. सहा वर्षं मी त्या माणसाचं गिऱ्हाईक, आणि दुसरी वाटी मिळाली ती माझ्या सासूला. मला खरंच राग आला. एवढी भीती पोटात असताना माणसाला कढीचा हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही तिथून निघालो तेव्हा एक मोटारसायकल हळू झाली आणि पुढं गेली. नायगावचे आमचे एक पाहुणे, मोंढ्यात सरकी विकायला आलेले. नमस्कार केला नाही, म्हणजे काय बघायचं ते बघून झालं होतं. पाहुण्यांच्या फोनला आमच्या बसइतके थांबे नव्हते. संध्याकाळी आम्ही घरात पाय ठेवला तर आप्पा पलंगावर ताठ बसलेले.

"गाड्यावर उभ्या होत्या म्हणे दोघी," आप्पा म्हणाले. बघत होते माझ्याकडं.

मी तोंड उघडायच्या आधी अव्वांनी पदरानं घाम पुसला. "डबा बशीत राहिला. भुकेनं चक्कर यायली होती मला. सुनेनं नेलं. पन मानूस आपल्यातला होता. कपाळभर भस्म. देवणीचा. शरणार्थी म्हनला मला."

आप्पांचा सगळा राग तिथंच उतरला. आपल्यातला म्हटल्यावर रस्त्याची चूल झाली, गाड्याचं देवघर झालं. इतक्या लवकर माणूस शुद्ध झालेला मी तरी पाहिला नाही. डब्याचं मात्र त्यांनी पुढं आठ दिवस काढलं. माझ्या नावाचा डबा, म्हणायचे, आता कोण त्यात काय खाऊन राहिलं असेल.

इथंच मिटलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण श्रावण तोंडावर आला. आमच्याकडं श्रावणात एका सोमवारी जंगमांची पंगत असते, म्हणजे आमच्या समाजातल्या गुरुमंडळींना घरी बोलावून, पाय धुऊन जेवू घालायचं. आप्पांच्या डोक्यात आलं की भजे तळायला नांदेडचा तो देवणीकर बोलवावा. आपलाच माणूस, भस्मधारी, पंगतीला शोभेल. मला म्हणाले, "फोन नंबर काढ त्याचा. तुला ओळखतो म्हणे तो."

माझं जेवण तुटलं. खोटं मी कधी बोलत नाही अशातला भाग नाही, पण हे माझ्या एकटीचं खोटं राहिलं नव्हतं. तीस वर्षं बाहेरचं पाणी न घेणाऱ्या बाईला मी माझ्या जिभेसाठी बाटवलं होतं, तिच्या भाषेत सांगायचं तर. त्यांचा नेम मला पटत नाही, आजही पटत नाही. पण तो मोडायचा तर त्यांनी मोडायचा होता, मी कोण? आणि मामा इथं आले, आडनाव निघालं, तर गुरुमंडळींसमोर ज्या माणसाची शोभा होईल तो काही माझा सासरा नव्हता. ज्यानं मला धूर लागू नये म्हणून बाजूला उभं केलं, त्याला आप्पांनी आमच्या दारातून हाकललं असतं. ते माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं तसं मी ठरवलं, सांगून टाकायचं. भजे तर जातीलच, नांदेडची बसही बंद होईल, अव्वा माझ्या हातचं खायच्याही बंद होतील. होऊ दे.

दुपारी अव्वा स्वयंपाकघरात गवारी मोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, शेंगा हातात घेतल्या आणि सगळं बोलून टाकलं. "अव्वा, ते मामा आपल्यातले नाहीत. ते भस्म नव्हतं, तांदळाची पिठी होती. मला माहीत होतं. मी तुम्हाला फसवलं."

अव्वांचा हात थांबला नाही. एक शेंग मोडली, दोर काढला, परातीत टाकली.

"भस्म नाकाच्या शेंड्याला कोन लावतंय गं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नाकाला होती पिठी. कानाला होती. मला काय आंधळी समजलीस का तू? आपरेशन कशाचं झालं माझं?" आणखी एक शेंग. "आन ती पैशाची पाटी. तू पुढं जाऊन आडवी हुबी राह्यलीस, त्याच्या आधीच वाचलं होतं मी नाव. दिवसभर पाट्याच वाचून राहिले होते की."

"मग शरणार्थी का म्हणालात?"

"मग काय म्हनू? खायचं होतं मला." त्यांनी पुढची शेंग मोडली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "वास यायलाता त्या मिरचीचा. माहेरी जत्रेत यायचा तसा. लगनाच्या आधी खाल्लं ते खाल्लं."

मला हसावं की रडावं समजेना. पंधरा दिवस मी चोरासारखी फिरत होते आणि ही बाई सगळं गिळून निवांत लिंगपूजा करत होती. मी म्हटलं, "डबासुद्धा मी मुद्दामच…"

"पायानं सारलास. बगितलं." अव्वा म्हणाल्या. "भाकरी टाकू नये. पाप लागतं. कंडक्टरला द्यायची होतीस."

मी म्हटलं, "अव्वा, मग आप्पांना खरं सांगा की. तुम्ही खाल्लं म्हटलं तर या घरात कोण काय बोलणार? मलाही इथं उजळ माथ्यानं खाता येईल." हे मी फार जोरात बोलले. बारा वर्षांचं सगळं त्यात आलं.

अव्वांनी पहिल्यांदा मान वर केली. "खरं सांगितलं तर दोघींचंबी बंद हुईल. बाप्यांचं चारचं तेवढं चालू राहील." म्हणजे मागच्या दारची पुडीसुद्धा त्यांना माहीत होती, डोळ्यात मोती असल्यापासून.

त्या रागानं मी परात घेऊन उठले. त्यांचं बरोबर होतं, हाच माझा राग होता.

संध्याकाळी आप्पांनी परत नंबराचं काढलं. अव्वा आतूनच म्हणाल्या, "त्यो मानूस पंगतीला जात न्हाई कुठं. नेम हाय त्याचा." नेम म्हटल्यावर आप्पांनी मान डोलावली, किती कडक माणूस म्हणाले, आणि भजे गल्लीतल्या आचाऱ्यानं तळले. बेसन सुटून तेलात गेलं. गुरुमंडळींनी उत्तम म्हणून खाल्ले.

दिवाळीनंतर अव्वांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिथंच नांदेडला. महिन्यानं तपासायला बोलावलं. दुकानात गर्दी फारशी नव्हती, नवरा म्हणाला मी येतो सोबत. अव्वा म्हणाल्या, "तू कशाला, बाईमानसाचं बाईमानसाला कळतं." पहाटे पूजा झाली, भाकरी झाल्या, आप्पांच्या देखत डबा भरला. आप्पा म्हणाले, "या वेळी सांभाळा." अव्वा हो म्हणाल्या.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "उतरताना कंडक्टरच्या हातात दे, सीटखाली नको." मी डब्याकडं पाहिलं. या वेळी तो प्लास्टिकचा होता, आणि त्यावर कुणाचंच नाव नव्हतं.